‘चेक’ म्हणजे नेमकं काय? एका शब्दाचे अनेक अर्थ आणि त्यांच्या मुळाशी बसलेला ‘शाह’

यवतमाळ जिल्ह्यात दिवसभरात ‘चेक’ हा शब्द किती वेळा कानावर पडतो, ते एकदा मोजून बघा. कापूस विकलेला शेतकरी विचारतो, ‘चेक वटला का?’ ट्रकवाला पिंपळखुटीचं ‘चेकपोस्ट’ ओलांडून आदिलाबादकडे जातो. दवाखान्यात ‘बीपी चेक’ होतं. नाल्यावर ‘चेकडॅम’ बांधला जातो. एसटीत ‘चेकर’ चढतो. ईदच्या खरेदीला मुलगा ‘चेक्सचा’ शर्ट मागतो. आणि भूगोलाच्या पुस्तकात ‘चेक प्रजासत्ताक’ नावाचा देश भेटतो.

सातही ठिकाणी उच्चार जवळपास एकच आहे. पण पैशाचा कागद, रस्त्यावरचा नाका, पाण्याचा बांध आणि शर्टावरची चौकडी यांचा एकमेकांशी संबंध काय? सातपैकी सहा शब्द एकाच घराण्यातले आहेत आणि त्यांचा मूळ पुरुष आहे फारसी भाषेतला ‘शाह’, म्हणजे राजा. सातव्याचा, म्हणजे देशाच्या नावाचा, या घराण्याशी काही संबंध नाही.

‘चेक हा शब्द अरबी ‘सक्क’पासून आला’ असा मजकूर आपल्या लोकांमध्ये मोठ्या अभिमानाने फिरत असतो. तो कितपत खरा, हेही या लेखात पाहू. शेवटी चेक देता-घेताना प्रत्येक कुटुंबाला माहीत असाव्यात अशा कायद्याच्या गोष्टी दिल्या आहेत.

थोडक्यात अर्थ

१. बुद्धिबळात राजावर हल्ला: मराठीत ‘शह’.
२. थांबवणे, रोखणे, आवर घालणे: चेकडॅम, चेकपोस्ट.
३. तपासणे, पडताळणे: चेक करणे, चेकअप, चेकर, चेकिंग.
४. चौकड्यांची नक्षी: चेक्सचा शर्ट, चेक्सची लुंगी.
५. बँकेवर काढलेला पैशाचा आदेश: धनादेश.
६. अमेरिकेत हॉटेलचं बिल आणि ‘बरोबर’ची खूण (✓), दोन्हींना ‘चेक’च म्हणतात.

इंग्रजीत याची दोन स्पेलिंग आहेत, आणि मुलं नेमकी इथेच गोंधळतात. बँकेच्या चेकचं ब्रिटिश आणि भारतीय स्पेलिंग ‘सी-एच-ई-क्यू-यू-ई’ आहे. बाकी सगळ्या अर्थांना ‘सी-एच-ई-सी-के’. अमेरिकेत मात्र बँकेच्या चेकलाही ‘सी-एच-ई-सी-के’च लिहितात. मूळ शब्द दोन्हींचा एकच.

शाह निघाला, चेक होऊन पोहोचला

बुद्धिबळाचा जन्म भारतातला. जुनं नाव ‘चतुरंग’, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना. साधारण सहाव्या शतकाच्या सुमारास हा खेळ इराणात गेला आणि त्याचं नाव ‘चतरंग’ झालं. पुढे इराण मुस्लिम राज्यात आला तेव्हा अरबांनी हा खेळ उचलला. अरबीत ‘च’ आणि ‘ग’ हे उच्चार नाहीत, म्हणून ‘चतरंग’चं ‘शतरंज’ झालं. अब्बासी काळात बगदादमध्ये या खेळाची इतकी कदर होती की अल-अदली आणि अस-सूली यांच्यासारख्या उस्तादांनी त्यावर किताबं लिहिली.

इराणी खेळाडू समोरच्या राजावर चाल केली की ‘शाह!’ असं पुकारत. म्हणजे, तुझा राजा सांभाळ. हीच पुकार अरबांनी ठेवली. स्पेन, म्हणजे तेव्हाचा अंदलुस, आणि इटली या वाटांनी खेळ युरोपात पोहोचला तेव्हा पुकारही सोबत गेली. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘शाह’चं ‘स्काकुस’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि तिथून इंग्रजीत आला ‘चेक’. गंमत बघा, ‘चेस’ हे खेळाचं इंग्रजी नावसुद्धा याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून आलं आहे. म्हणजे इंग्रजीत ‘चेस’ खेळणं म्हणजे अक्षरशः ‘शाह-शाह’ खेळणं. जर्मनमध्ये बुद्धिबळाला आजही ‘शाख’ म्हणतात आणि रशियनमध्ये ‘शाखमाती’.

‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. यातल्या ‘मात’चा अर्थ काय, यावर दोन मतं आहेत. अरबीत ‘माता’ म्हणजे ‘तो मेला’, म्हणून ‘राजा मेला’ असा अर्थ अनेक पुस्तकांत मिळतो. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, कोंडीत सापडलेला, आणि बऱ्याच अभ्यासकांना हा अर्थ जास्त पटतो. खेळाचा नियमही तेच सांगतो. बुद्धिबळात प्यादी, घोडे, वजीर सगळे मारले जातात, राजा मात्र कधीच मारला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही, तिथेच डाव संपतो.

मराठीतला सख्खा भाऊ: ‘शह’

हा शब्द इंग्रजांनी आपल्याला दिला असं वाटतं, पण तो त्यांच्या आधीच आपल्या घरात होता. वृत्तपत्रात ‘शह-काटशहाचं राजकारण’ असा मथळा आपण नेहमी वाचतो. ‘अडचणींवर मात केली’ हे तर शाळेतल्या निबंधातलं ठरलेलं वाक्य. हे ‘शह’ आणि ही ‘मात’ म्हणजे तोच फारसी ‘शाह मात’. इंग्रजीचा ‘चेक’ आणि मराठीचा ‘शह’ हे एकाच आईचे दोन मुलगे. एक दख्खनच्या वाटेने थेट आला, दुसरा बगदाद, अंदलुस, पॅरिस आणि लंडन असा फेरा मारून.

वऱ्हाडात हे सहज घडण्यासारखं होतं. बहामनी राज्याचे तुकडे झाल्यावर इथे इमादशाही आली. तिची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. त्यानंतर अहमदनगरची निजामशाही, मग मुघल, मग हैदराबादचा निजाम. दरबार आणि दफ्तर यांची भाषा मोठ्या प्रमाणात फारसी होती. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं तेव्हा ‘हिशेब’, ‘रक्कम’, ‘जमा’, ‘वसूल’, ‘कर्ज’, ‘जामीन’, ‘मुदत’, ‘दस्तऐवज’ हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी कधीचे रुळले होते. ते कुणालाच परके वाटत नव्हते आणि आजही वाटत नाहीत. म्हणूनच ‘मराठी ही आपली भाषा नाही’ असं कुणी मुस्लिम मुलाला सांगितलं, तर त्याने बुद्धिबळाचा पट मांडावा. ‘राजा’, ‘हत्ती’, ‘घोडा’ आणि ‘उंट’ यांच्या शेजारी ‘वजीर’ अरबीतून आणि ‘प्यादे’ फारसीतून येऊन बसले आहेत. तिथे कुणी पाहुणा नाही.

खेळाचा हा लांबचा प्रवास अलीकडे विदर्भातच येऊन थांबला. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात शेजारच्या नागपूरची दिव्या देशमुख महिला विश्वचषक जिंकली आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. ज्या पटावर तिने ‘चेक’ दिला, तो पट दीड हजार वर्षांपूर्वी भारतातूनच निघाला होता.

रोखणं आणि तपासणं: चेकडॅमपासून चेकरपर्यंत

शह बसला की खेळाडूला बाकीच्या चाली सोडून आधी राजा वाचवावा लागतो. त्याची घोडदौड तिथेच थांबते. यातूनच इंग्रजीत ‘चेक’ला ‘रोखणं, आवर घालणं’ असा अर्थ आला. पुढे, एखाद्याच्या कामावर आवर ठेवायचा तर ते पडताळून पाहावं लागतं, म्हणून सतराव्या शतकापर्यंत ‘तपासणं’ हाही अर्थ जोडला गेला. आज आपण मराठीत ‘चेक करणे’ म्हणतो तो हा सगळ्यात तरुण अर्थ. जुना अर्थ ‘थांबवणं’ हाच.

हा फरक लक्षात असला की आपल्या जिल्ह्यातले दोन शब्द नीट उलगडतात.

पहिला ‘चेकडॅम’. यात पाणी ‘तपासलं’ जात नाही. नाल्यातून धावणाऱ्या पाण्याला शह दिला जातो. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा वेग मोडायचा, माती वाहून जाऊ द्यायची नाही, आणि थांबलेलं पाणी जमिनीत मुरू द्यायचं, हे त्याचं काम. मोठ्या धरणासारखा साठा करणं हा त्याचा उद्देशच नसतो. म्हणून चेकडॅम चांगला की वाईट हे त्यात पाणी किती दिसतं यावर ठरवू नये. आजूबाजूच्या विहिरींची पातळी किती वाढली आणि किती दिवस टिकली, ते बघावं. गाळ साचला की त्याचा उपयोग संपतो, तो काढावाच लागतो. सरकारी कागदात याला ‘सिमेंट नाला बांध’ही म्हणतात.

दुसरा ‘चेकपोस्ट’. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्या जिल्ह्यातून पांढरकवड्यावरून जातो आणि पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. त्याआधी पिंपळखुटीचं चेकपोस्ट लागतं. इथे दोन्ही अर्थ एकत्र येतात: गाडी आधी रोखली जाते, मग तपासली जाते. मराठीत यासाठी ‘नाका’ हा नेमका शब्द आहेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या सीमेवरची विक्रीकराची तपासणी संपली. परिवहन विभागाची, म्हणजे वाहनाची कागदपत्रं आणि जादा वजन यांची तपासणी हा वेगळा विषय आहे. ट्रकधंद्यातल्या आपल्या भावांनी हे दोन विषय एक समजू नयेत.

एसटीतला ‘चेकर’, दवाखान्यातलं ‘चेकअप’, विमानतळावरचं ‘चेक-इन’ हे सगळे याच शाखेतले. राज्यशास्त्रात ‘नियंत्रण आणि संतुलन’ असं जे तत्त्व शिकवतात, त्याचं इंग्रजी नावही ‘चेक’वरूनच आहे. संसद, सरकार आणि न्यायालय यांनी एकमेकांना वेळ पडली तर शह द्यावा, म्हणजे कुणी एकटाच ‘शाह’ होऊन बसणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

चौकडीचा शर्ट आणि राजाचा खजिना

बुद्धिबळाच्या पटावर एक काळं, एक पांढरं असे चौसष्ट चौकोन असतात. अशा पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिये’ म्हणत. त्यावरून चौकड्यांच्या कापडाला ‘चेक’ म्हणू लागले. तेव्हा बाजारातली चौकड्याची लुंगी असो की शाळेच्या गणवेशाचा चेक्सचा शर्ट, नावाच्या मुळाशी बुद्धिबळाचा पटच आहे.

याच पटातून इंग्लंडच्या सरकारी तिजोरीचं नाव निघालं. बाराव्या शतकात, राजा पहिला हेन्री याच्या काळापासून, तिथला महसुलाचा हिशेब एका मोठ्या मेजावर होत असे. मेज साधारण दहा फूट लांब, पाच फूट रुंद. त्यावर रेघांनी चौकोन आखलेलं काळं कापड अंथरलेलं. जिल्ह्याजिल्ह्याचे अधिकारी वर्षातून दोनदा येत आणि त्यांच्या वसुलीचा हिशेब चौकोनांत सोंगट्या मांडून होई. रिचर्ड फिट्झनील या खजिनदाराने त्याच शतकात या कामाची पद्धत लिहून ठेवली. त्याने या बैठकीची तुलना चक्क बुद्धिबळाच्या डावाशी केली आहे: एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला पैसे भरणारा अधिकारी. मेजावरच्या पटामुळे त्या खात्याचंच नाव ‘एक्स्चेकर’ पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. दरवर्षी लंडनमध्ये अर्थसंकल्प मांडणाऱ्या माणसाच्या पदनामात इराणचा शाह दडलेला आहे, हे तिथल्याही फार थोड्यांना माहीत असेल.

बँकेचा चेक कसा जन्मला?

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये बँकेच्या कागदाचा एक तुकडा मागे ठेवण्याची पद्धत होती. आपण त्याला ‘स्थळप्रत’ म्हणतो, बोलताना ‘काउंटर’. दिलेला कागद खरा की बनावट, हे या तुकड्याशी जुळवून कळे. बनावटगिरी ‘रोखणारा’ आणि कागद ‘पडताळणारा’ म्हणून त्या तुकड्याला ‘चेक’ म्हणत. हळूहळू हे नाव तुकड्यावरून मूळ कागदावर सरकलं आणि पैसे द्यायचा आदेशच ‘चेक’ झाला. सुरुवातीला स्पेलिंग साधंच होतं. एकोणिसाव्या शतकात ‘एक्स्चेकर’च्या स्पेलिंगची छाप पडली आणि त्याला ‘क्यू’ चिकटला.

म्हणजे चेक हे नावच मुळी फसवणूक रोखण्यावरून पडलं आहे. पुढचा कायद्याचा भाग वाचताना हे लक्षात असू द्या.

मग ‘सक्क’चं काय?

आता त्या लोकप्रिय दाव्याकडे वळू. अरबीत ‘सक्क’ म्हणजे देण्याघेण्याचा लेखी दस्त. मुस्लिम व्यापारी जगात असे दस्त नक्कीच होते आणि मोठ्या रकमेचे होते. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने लिहून ठेवलंय की आजच्या मॉरिटानियातल्या औदागस्त इथे त्याने ४२,००० दीनारांचा एक सक्क पाहिला. सहारा वाळवंटाच्या एका टोकाच्या व्यापाऱ्याचं दुसऱ्या टोकाच्या, मोरोक्कोतल्या सिजिलमासाच्या माणसाकडे असलेलं देणं त्यात लिहिलेलं होतं. त्या काळात ही रक्कम अफाट. ‘सक्क’चं अनेकवचन ‘सुकूक’, आणि बिनव्याजी गुंतवणुकीच्या रोख्यांसाठी तो शब्द आजही जगभर चालतो.

इथपर्यंत सगळं खरं. पण ‘सक्क’ शब्दापासून इंग्रजी ‘चेक’ शब्द बनला, हे प्रमुख इंग्रजी कोश मान्य करत नाहीत. कारण साधं आहे. इंग्रजीत बँकेचा चेक अठराव्या शतकात येतो, आणि त्याआधी ‘शह’, ‘रोखणं’, ‘पडताळणं’, ‘पडताळणीचा तुकडा’ अशी त्याची एकेक पायरी इंग्रजी कागदांत सापडते. ‘सक्क’पासून तिथपर्यंत येणारी अशी साखळी सापडत नाही. उच्चार सारखे वाटले म्हणून नातं सिद्ध होत नाही, नाहीतर ‘चेक’ देशसुद्धा बँकेवरून निघाला म्हणावं लागेल.

आणखी एक पुरावा आखाती देशांत काम करणाऱ्या आपल्या भावांच्या खिशातच असतो. तिथे अरबीत चेकला ‘शीक’ म्हणतात. हा शब्द युरोपातून अरबीत परत आलेला. जुना ‘सक्क’ही तिथे अजून जिवंत आहे, पण वेगळा शब्द म्हणून. आणि भाषेचे अभ्यासक सांगतात, खुद्द ‘सक्क’ हा अरबांनी फारसी ‘चक’ या दस्तऐवजाच्या शब्दावरून घेतला होता.

यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? शब्द ‘सक्क’वरून आला नसला तरी ‘शाह’वरून आला आहे. आणि लेखी व्यवहाराची परंपरा सिद्ध करायला व्युत्पत्तीची गरजच नाही. सूरह बकराची २८२ वी आयत, जी कुरआनातली सगळ्यात लांब आयत आहे, ती मुदतीच्या उधारीबद्दलच आहे. व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, असा तिचा रोख. जिथे ऐकीव गोष्टीपेक्षा लेखी पुराव्याला इतका मान दिला आहे, त्या उम्मतने पुरावा नसलेला दावा पुढे ढकलू नये. पूर्वजांनी जे खरोखर केलं, ते सांगायला पुरेसं आहे.

चुकारा, कोरा चेक आणि कायदा

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली. ‘चुकारा’ म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आणि ‘चुकारा झाला का?’ हा इथला हंगामातला पहिला प्रश्न. भारतीय कापूस महामंडळाचे पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. पण खाजगी व्यवहार, दुकानाची उधारी, जागेचा बयाणा आणि हातउसने यांत चेक अजून चालतोच, आणि बहुतेक तंटे तिथेच होतात. म्हणून काही गोष्टी घरात सगळ्यांना माहीत हव्यात.

चेकची मुदत तीन महिने. ही १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे, त्याआधी सहा महिने होती. चेकवर लिहिलेल्या तारखेपासून मोजायची.

अक्षरी आणि अंकी रकमेत फरक पडला तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कम खरी धरतात. पण बँक असा चेक परतही करू शकते, म्हणून लिहितानाच जपा. खाडाखोड करू नका. तारीख सोडून बाकी कुठेही दुरुस्ती चालत नाही, नवा चेक लिहावा. चेक मराठीतही लिहिता येतो, त्यासाठी बँक अडवू शकत नाही.

चेक ‘बाऊन्स’ झाला, म्हणजे खात्यात पैसे नसल्यामुळे परत आला, तर कलम १३८ लागतं. हे कलम १ एप्रिल १९८९ पासून अमलात आहे. यात दिवसांचा हिशेब पक्का ठेवावा लागतो. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस मिळतात. तरीही पैसे आले नाहीत, तर त्यानंतर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘देतो ना भाऊ, पुढच्या हप्त्यात’ ऐकत बसलं की हे दिवस निघून जातात आणि केस कमजोर पडते. शब्द ऐका, पण नोटीस वेळेत पाठवा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, आपण खात्यात भरलेला चेक परत आला तर आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात तक्रार करता येते. उमरखेडच्या माणसाला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत.

सगळ्यात मोठा धोका कोऱ्या चेकचा. नड असते, समोरचा म्हणतो, ‘फक्त सही करून ठेव, तारण म्हणून.’ रक्कम आणि तारीख मोकळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या बीर सिंह विरुद्ध मुकेश कुमार या निकालात स्पष्ट सांगितलं आहे की स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो. देणं नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. वीस हजारांच्या नडीपोटी दिलेल्या कागदावर उद्या कुणी दोन लाख लिहिले, तर आधी आपल्यालाच न्यायालयात उभं राहावं लागेल. द्यावाच लागला तर रक्कम लिहा, ‘अकाउंट पेयी’च्या दोन रेघा मारा, चेकचा नंबर आणि कारण वेगळ्या कागदावर लिहून समोरच्याची सही घ्या. बिनपरवाना सावकारीची तक्रार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करता येते.

शिष्यवृत्ती, हज अर्ज, नोकरी अशा कामांसाठी ‘रद्द केलेला चेक’ मागतात. त्यावर आडव्या दोन रेघा मारून मध्ये ‘रद्द’ किंवा ‘कॅन्सल्ड’ लिहायचं. सही करायची नाही. त्याचं काम फक्त खाते क्रमांक आणि बँकेचा कोड दाखवणं एवढंच.

निकाहात मेहर चेकने द्यायची असेल तर चेक मुलीच्या स्वतःच्या खात्याच्या नावाने असावा, वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नव्हे. मेहर तिचा हक्क आहे, आणि तिच्या नावाचा चेक म्हणजे त्या हक्काची लेखी नोंद.

आणि ‘चेक’ देश?

युरोपातल्या चेक प्रजासत्ताकाचं नाव तिथल्या स्लाव्ह लोकांच्या एका जुन्या जमातीवरून आहे. राजधानी प्राग. १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले, त्यातला हा एक. इंग्रजीत त्याचं स्पेलिंग ‘सी-झेड’ने सुरू होतं. आपल्या घरात त्याची एक ओळख नक्की असेल: ‘बाटा’. ही कंपनी १८९४ मध्ये याच देशातल्या झ्लिन गावात सुरू झाली. बाकी या ‘चेक’चा शाहाशी, शहाशी किंवा बँकेशी काही संबंध नाही.

कोणता शब्द कुठे वापरावा

बँकेच्या कागदाला सरकारी मराठीत ‘धनादेश’ म्हणतात. अर्जात आणि नोटिशीत तो वापरावा, बोलताना ‘चेक’ चालतो. डिमांड ड्राफ्टला ‘धनाकर्ष’ म्हणतात, दोन्हींत गल्लत करू नये. ‘चेक करा’ऐवजी ‘तपासा’ किंवा ‘बघा’ तितकंच सोपं आहे. चेकपोस्टला ‘तपासणी नाका’, चेक्सला ‘चौकडी’. आणि बुद्धिबळ खेळताना मुलांनी ‘चेक’ म्हटलं तर म्हणू द्या, पण ‘शह’ म्हणायलाही शिकवा. शब्द तोच आहे, फक्त आपल्याकडे तो आधी आला.